दुसऱ्याच्या वायफायवर फाईल शेअरिंग : काय चालतं, काय अंगाशी येतं

रत्नागिरी : गणपतीत वाडीत शक्ती-तुऱ्याचा सामना झाला किंवा शिमग्यात नमन झालं, की दुसऱ्या दिवशी सगळ्यांचा एकच प्रश्न असतो. व्हिडीओ कुणाकडे आहे? ज्याच्याकडे असतो, त्याच्याकडून तो बाकीच्यांच्या मोबाईलात काही जात नाही. मोबाईलवर फुल एचडीत काढलेलं शूटिंग मिनिटाला साधारण 100 ते 130 एमबी खातं. म्हणजे दोन तासांचं नमन 12 ते 15 जीबीचं होतं. व्हॉट्सॲपवर एक फाईल जास्तीत जास्त 2 जीबीची जाते, तीही डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर. रोजचा दीड-दोन जीबीचा डेटा एका तुकड्यातच संपतो. डेटा संपला की स्पीड 64 केबीपीएसवर येतो आणि त्या स्पीडने 1 जीबी उतरवायला जवळजवळ 35 तास लागतात. तेही सड्यावर उभं राहून रेंज मिळाली तर.

मग शोध सुरू होतो वायफायचा. शेजाऱ्याकडे फायबर आलंय, ग्रामपंचायतीत भारतनेटची लाईन आहे, मुंबईहून आलेल्या चाकरमान्याने हॉटस्पॉट सुरू केलाय, स्टेशनवर फुकट वायफाय आहे. कोकण रेल्वेच्या कोलाड ते मडुरे दरम्यानच्या 28 स्थानकांवर 2017 साली मोफत वायफाय सुरू झालं, तेव्हापासून गाडी यायच्या अर्धा तास आधी स्टेशन गाठणारी पोरंही दिसायला लागली. अशा उसन्या वायफायवर फाईल घ्यायची-द्यायची म्हणजे नेमकं काय होतं, त्यात फुकट काय आहे आणि कुणाच्या डोक्यावर काय बसतं, त्याची ही माहिती.

मधला माणूस नसलेली देवाणघेवाण

फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला की तो आधी कंपनीच्या सर्व्हरवर जातो आणि तिथून समोरच्याकडे उतरतो. दोघे एकाच ओटीवर बसलेले असले तरी फाईल जग फिरून येते आणि डेटा दोघांचाही जातो. पिअर-टू-पिअर म्हणजे हा मधला सर्व्हर काढून टाकायचा. एका मोबाईलमधून थेट दुसऱ्या मोबाईलमध्ये.

याचे दोन प्रकार आहेत आणि लोक नेहमी त्यांची गल्लत करतात. पहिल्या प्रकारात दोन मोबाईल समोरासमोर असतात. इथे इंटरनेट लागतच नाही. दुसरा प्रकार टोरंटचा. त्यात फाईल देणारे अनोळखी असतात, देशोदेशी पसरलेले असतात आणि तिथे इंटरनेट भरपूर लागतं. शेजाऱ्याच्या वायफायचा प्रश्न खरा येतो तो या दुसऱ्या प्रकारात. पहिल्या प्रकारासाठी तर बऱ्याच वेळा त्याचं वायफाय मागायचीही गरज नसते, हे गावात अजून अनेकांना माहीत नाही.

नमनाचा व्हिडीओ दहा मिनिटांत

अँड्रॉइड मोबाईलमध्ये क्विक शेअर नावाची सोय आता आधीपासूनच असते. 2020 साली ती निअरबाय शेअर या नावाने आली आणि जानेवारी 2024 मध्ये सॅमसंगच्या अशाच सोयीत मिसळून क्विक शेअर झाली. स्क्रीनच्या वरची पट्टी खाली ओढली की त्यात हे बटण सापडतं. दोन्ही मोबाईलचं ब्लूटूथ आणि वायफाय चालू ठेवायचं. वायफाय चालू म्हणजे फक्त बटण चालू, कुठल्या राऊटरला जोडलेलं नसलं तरी चालतं. जुन्या मोबाईलवर लोकेशनही चालू लागतं. घेणाऱ्याने ‘सगळ्यांना दिसू दे’ हा पर्याय निवडायचा, तो दहा मिनिटांनी आपोआप बंद होतो. देणाऱ्याने फाईलवर बोट दाबून शेअर, मग क्विक शेअर, मग समोरच्याचं नाव. घेणाऱ्याने ‘स्वीकारा’ दाबलं की झालं.

आत काय घडतं ते समजलं तर अडल्यावर मार्ग काढता येतो. ब्लूटूथ फक्त एकमेकांना ओळखण्यापुरतं वापरलं जातं. खरी फाईल वायफायच्या लहरींवरून थेट जाते, याला वायफाय डायरेक्ट म्हणतात. नुसत्या ब्लूटूथने 1 जीबी पाठवायला तास-सव्वा तास लागतो. हीच फाईल वायफाय डायरेक्टवर सेकंदाला 20 एमबीच्या वेगाने गेली तर मिनिटभरात पोचते आणि 12 जीबीचं अख्खं नमन दहा मिनिटांत. जुन्या किंवा स्वस्त मोबाईलवर वेग निम्म्यावर येतो, पण तरी टॉवरच्या भरवशावर बसण्यापेक्षा ते कितीतरी बरं. डेटा एक एमबीही जात नाही.

शेअरइट आणि झेंडर ही ॲप एकेकाळी प्रत्येकाच्या मोबाईलात होती. केंद्र सरकारने 29 जून 2020 रोजी ज्या 59 ॲपवर बंदी घातली, त्यात टिकटॉकच्या बरोबर ही दोन्ही होती. तरीही कुणी कुणाकडून त्यांची जुनी एपीके घेऊन चालवतं. तसं करू नये. ती अपडेट होत नाहीत, आणि त्या नावाने फिरणारी फाईल मूळ ॲपच आहे की आत दुसरंच काही भरलंय, हे कळायचा मार्ग नाही. शाओमी, ओप्पो, विवो, रिअलमी या कंपन्यांनी आपापसात फाईल पाठवायची वेगळी सोय मोबाईलमध्येच दिलेली आहे, तीही चालते.

आयफोन आणि अँड्रॉइड किंवा मोबाईल आणि लॅपटॉप अशी जोडी असेल तर लोकलसेंड हे मोफत ॲप उपयोगी पडतं. त्यात जाहिराती नाहीत आणि खातं उघडावं लागत नाही. अट एकच, दोन्ही उपकरणं एकाच वायफायला जोडलेली हवीत. त्या वायफायला इंटरनेट असलंच पाहिजे असंही नाही.

इथेच सार्वजनिक वायफायवर लोकांची फसगत होते. स्टेशनवर किंवा एखाद्या लॉजवर दोघेही एकाच वायफायला जोडलेले असतात, तरी लोकलसेंडमध्ये एकमेकांची नावं दिसत नाहीत. ॲप बिघडलेलं नसतं. अशा वायफायवर एका ग्राहकाला दुसऱ्याचा मोबाईल दिसू नये म्हणून मुद्दाम आडपडदा घातलेला असतो, आणि तो असायलाच हवा, नाहीतर अनोळखी माणूस आपल्या मोबाईलात डोकावेल. यावर उपाय सोपा आहे. एकाने स्वतःचा हॉटस्पॉट सुरू करायचा, दुसऱ्याने त्याला जोडायचं. हॉटस्पॉट देणाऱ्याने मोबाईल डेटा आधी बंद करायचा. नाहीतर फाईल फुकटात जाते, पण तेवढ्या वेळात समोरच्याच्या मोबाईलातली ॲप अपडेट व्हायला लागतात आणि दिवसाचा डेटा त्यातच उडतो.

एक बारीक अडचण मेमरी कार्डाची. 32 जीबीपर्यंतची कार्डं बहुधा फॅट-32 या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेली असतात. त्यावर 4 जीबीपेक्षा मोठी एक फाईल बसत नाही, कार्डात 20 जीबी मोकळी असली तरी. मग ‘जागा नाही’ असा मेसेज येतो आणि माणूस चक्रावतो. फाईल मोबाईलच्या आतल्या मेमरीत घ्यावी किंवा कार्ड एक्स-फॅटमध्ये फॉरमॅट करावं. फॉरमॅट केल्याने कार्डातलं सगळं पुसलं जातं, ते आधी काढून ठेवावं.

समोरासमोरच्या या पद्धतीची किंमत जिल्ह्याला संकटात कळली. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली, मंडणगडमधल्या कितीतरी गावांत वीज नव्हती आणि टॉवरही बंद होते. 22 जुलै 2021 ला चिपळूणला पुराने वेढलं, तेव्हाही मोबाईल नेटवर्क कोलमडलं. नुकसानीचे फोटो, पंचनाम्याचे कागद, बँक पासबुकाची प्रत हे सगळं टॉवरशिवाय एका मोबाईलमधून दुसऱ्यात देता येतं, बॅटरी असेपर्यंत. त्याच 2020 च्या पावसाळ्यात शेजारच्या सिंधुदुर्गात, कणकवली तालुक्यातल्या दारिस्ते गावातली एक विद्यार्थिनी रेंजसाठी डोंगरावर झोपडी बांधून ऑनलाईन शिकत होती. राज्यभर तिची बातमी झाली. तेव्हा अनेक वाड्यांत एकच जण वर जाऊन धडे उतरवायचा आणि खाली येऊन बाकीच्या मुलांना द्यायचा. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत मिळतात, ती अजूनही अशीच फिरवता येतात.

टोरंट : घेता घेता देणं

दुसरा प्रकार टोरंटचा. बिटटोरंट ही पद्धत ब्रॅम कोहेन या अमेरिकन प्रोग्रामरने 2001 साली काढली. एक मोठी फाईल एकाच सर्व्हरवरून हजारो लोक उतरवायला लागले की सर्व्हर मोडून पडतो. कोहेनने फाईलचे हजारो छोटे तुकडे केले. ज्याला जो तुकडा मिळाला, त्याने तो लगेच दुसऱ्यांना द्यायला सुरुवात करायची. माणसं वाढली की वेग कमी न होता वाढतो. लावणीला इर्जिक घालतात तसाच प्रकार, ज्याच्या शेतात काम झालं त्याने पुढच्याच्या शेतात जायचं. प्रत्येक तुकड्याला गणिती ठसा असतो, त्यामुळे मध्येच खराब झालेला तुकडा ओळखून पुन्हा मागवला जातो. लाईन गेली, नेट तुटलं तरी डाउनलोड पहिल्यापासून करावं लागत नाही, जिथे थांबलं तिथून पुढे सुरू होतं. दिवसातून चार वेळा नेट जाणाऱ्या गावासाठी ही पद्धत खरं तर आदर्श आहे.

पद्धतीत बेकायदा काही नाही. उबुंटूसारखी मोफत संगणक प्रणाली, इंटरनेट आर्काइव्हवरची जुनी स्कॅन केलेली पुस्तकं, किविक्स ॲपमध्ये इंटरनेटशिवाय वाचता येणारा विकिपीडिया, हे सगळं टोरंटने अधिकृतपणे मिळतं. एकदा वायफायवर उतरवून घेतलेला विकिपीडिया समोरासमोरच्या पद्धतीने अख्ख्या शाळेत वाटता येतो. तसं करायला कुणाचीही परवानगी लागत नाही.

पण गावात टोरंट म्हटलं की डोळ्यांसमोर येतो नवा सिनेमा. एप्रिल 2016 च्या अखेरीस ‘सैराट’ प्रदर्शित झाला आणि काही दिवसांतच त्याची चोरटी प्रत मोबाईलवर फिरू लागली. मेमरी कार्डात गाणी-सिनेमे भरून देणारी दुकानं तेव्हा जोरात होती. आता दुकानं गेली, टोरंट आणि टेलिग्राम आले. कायदा मात्र तोच आहे आणि पुढे कडकही झाला. कॉपीराईट कायदा 1957 च्या कलम 63 खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड आहे. 2023 च्या सुधारणेनंतर सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली चोरटं चित्रीकरण आणि प्रसारण यांसाठी किमान तीन महिने कैद आणि किमान 3 लाख रुपये दंड आला.

‘मी तर फक्त बघायला घेतला, विकला थोडाच’ हे कारण टोरंटमध्ये टिकायला कठीण, कारण ती पद्धतच घेता घेता द्यायची आहे. पहिला तुकडा मोबाईलात आला की ॲप तो दुसऱ्यांना द्यायला लागतं. माणूस सिनेमा बघत नाही तेव्हाही तो वाटत असतो. फाईल पूर्ण उतरल्यावरही हे थांबत नाही, याला सीडिंग म्हणतात. ॲप बंद केलं नाही तर पुढच्या वेळी मोबाईल त्या घराच्या वायफायला जोडला गेला, की मागच्या महिन्यातला सिनेमा पुन्हा त्या घरातून बाहेर जायला लागतो. आणि त्या फाईलसाठी जोडलेल्या प्रत्येकाला बाकीच्यांचा आयपी पत्ता दिसतो. लपलेलं काही नाही.

नमनाच्या व्हिडीओबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. सादरीकरणावर कलाकाराचा हक्क असतो, कॉपीराईट कायद्याच्या कलम 38 नुसार तो 50 वर्षं टिकतो. वाडीतल्या वाडीत फाईल दिली तर कुणी काही म्हणत नाही, उलट मंडळाला बरंच वाटतं. पण तोच व्हिडीओ आपल्या चॅनलवर टाकून त्यावर जाहिरातीचे पैसे घ्यायचे तर मंडळाला आधी विचारावं. मंडळं रात्र-रात्र जागून उभी राहतात, पैसे तिसराच घेतो, ही तक्रार काही खोटी नाही.

पत्ता कुणाच्या नावावर?

उसन्या वायफायची खरी गोम इथे आहे. घरातल्या राऊटरला जोडलेले सगळे मोबाईल बाहेरच्या जगाला एकाच आयपी पत्त्यावरून दिसतात. तो पत्ता कनेक्शन ज्याच्या नावावर आहे त्याचा. कोणत्या वेळी कोणता पत्ता कुणाकडे होता, ही नोंद नेट देणाऱ्या कंपनीला ठेवावी लागते. दूरसंचार विभागाने डिसेंबर 2021 मध्ये परवान्याच्या अटी बदलून ही मुदत किमान दोन वर्षं केली. चौकशी आलीच तर पोलीस पहिल्यांदा त्या घराच्या दारात येतात. पाहुणा तोवर दादरला पोचलेला असतो.

हे कसं होतं ते महाराष्ट्राने एकदा फार मोठ्या प्रकरणात पाहिलंय. 26 जुलै 2008 रोजी अहमदाबादमध्ये बॉम्बस्फोट होण्याच्या काही मिनिटं आधी प्रसारमाध्यमांना धमकीचा ईमेल गेला. पोलिसांनी माग काढला तो थेट नवी मुंबईत सानपाड्याच्या एका फ्लॅटपर्यंत पोचला. तिथे राहत होता एक अमेरिकन नागरिक. त्याचे संगणक जप्त झाले, त्याची कसून चौकशी झाली. शेवटी निघालं ते असं, की त्याचं वायफाय उघडं होतं आणि बाहेरच्या कुणीतरी ते वापरलं होतं. त्याच टोळीचे पुढचे ईमेल माटुंग्याचं एक कॉलेज आणि चेंबूरची एक कंपनी अशा ठिकाणच्या वायफायवरून गेले. त्यानंतर 2009 साली दूरसंचार विभागाने वायफाय सुरक्षित ठेवण्याबाबत नेट कंपन्यांना सूचना काढल्या. स्टेशनवर वायफाय जोडताना मोबाईल नंबर आणि ओटीपी मागतात, तो त्रास यातूनच आला. पत्ता स्टेशनचा असला तरी वापरणारा कोण हे नोंदलं जावं, म्हणून.

केंद्राच्या पीएम-वाणी योजनेतही, जी डिसेंबर 2020 मध्ये मंजूर झाली, हीच काळजी घेतलेली आहे. या योजनेत किराणा दुकानदार किंवा चहावालाही परवाना न काढता लोकांना वायफाय विकू शकतो, पण वापरणाऱ्याची ओळख ॲपमधून पटते. दुकानदाराने आपल्या घरगुती राऊटरचा पासवर्ड गिऱ्हाइकांना सांगत सुटणं आणि पीएम-वाणीचं केंद्र चालवणं यात हाच मोठा फरक आहे. पहिल्यात सगळं त्याच्या नावावर.

न विचारता कुणाचं वायफाय वापरणं तर वेगळाच गुन्हा होऊ शकतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 43 मध्ये परवानगीशिवाय दुसऱ्याच्या नेटवर्कमध्ये शिरण्याचा उल्लेख आहे. ते अप्रामाणिक हेतूने केलेलं असेल तर कलम 66 खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा 5 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मुलांच्या लैंगिक शोषणाच्या चित्रफिती मात्र नुसत्या उतरवणं, जवळ बाळगणं हाही गुन्हा आहे, कलम 67-ब खाली पाच वर्षांपर्यंत कैद आणि 10 लाखांपर्यंत दंड. कुठल्याशा ग्रुपवर आलेली अशी फाईल वायफायवर आपोआप सेव्ह होते आणि माणूस गाफील राहतो. ग्रुपमधून ताबडतोब बाहेर पडावं, फाईल पुढे तर पाठवूच नये आणि तक्रार करावी.

नेट का तुंबतं

कायदा बाजूला ठेवला तरी रोजचा त्रास वेगळाच. पाहुण्याने टोरंट लावलं की घरातल्यांचा व्हिडीओ कॉल अडकतो आणि मग ‘नेटवाल्याने स्पीड कमी केला’ म्हणून कंपनीच्या माणसाला बोलणी बसतात. होतं असं, की टोरंट एकाच वेळी शेकडो लोकांशी जोडणी करतं. स्वस्तातल्या राऊटरला एवढ्या जोडण्यांची नोंद ठेवता येत नाही, तो दमतो. शिवाय अपलोड भरून गेलं की डाउनलोडही मंदावतं, कारण ‘माल पोचला’ अशी पोच परत पाठवायलाही अपलोडच लागतं. ती पोच अडकली की समोरचा पुढचा माल सोडत नाही. ग्रामपंचायतीच्या वायफायवर हे झालं तर आत सेवा केंद्रात बसलेल्या माणसाचा दाखल्याचा अर्ज अपलोड होत नाही. बाहेर कट्ट्यावर बसलेल्या पोराला त्याची कल्पनाही नसते.

टोरंट नसलं तरी असाच प्रकार गुपचूप घडतो. चाकरमान्याचा मोबाईल घराच्या वायफायला जोडला, की गूगल फोटोजला वाटतं आता मोकळं नेट मिळालं. प्रवासात काढलेले सगळे फोटो-व्हिडीओ वर चढायला लागतात. ॲप अपडेट होतात, व्हॉट्सॲप ग्रुपमधले व्हिडीओ आपोआप उतरतात. मोबाईलला हे वायफाय उसनं आहे हे कळत नाही. ते सांगायची सोय आहे, फक्त फारसं कुणी ती वापरत नाही. वायफायच्या सेटिंगमध्ये त्या नेटवर्कच्या नावावर दाबलं की नेटवर्क वापर किंवा मीटर्ड असा पर्याय दिसतो. ते मीटर्ड केलं की मोबाईल त्या वायफायला मोजक्या डेटासारखं वागवतो आणि मोठी कामं आपणहून थांबवतो. दुसऱ्याच्या घरी गेल्यावर करायची ही पहिली गोष्ट. टोरंट वापरायचंच असेल, अर्थात कायदेशीर फाईलसाठी, तर ॲपमध्ये अपलोडला मर्यादा घालावी, फाईल पूर्ण होताच थांबेल असं सेटिंग करावं आणि घरातले झोपल्यावर लावावं. आधी विचारून. किती जीबीचं आहे तेही सांगावं. अनेक फायबर प्लॅनमध्ये महिन्याची मर्यादा 3300 जीबीपर्यंत असते, त्यामुळे 10 जीबीने काही बिघडत नाही. पण हॉटस्पॉट देणाऱ्याचा दिवसाचा डेटाच 2 जीबी असतो, तिथे 500 एमबी म्हणजे पाव दिवस गेला.

देणाऱ्याच्या हातात काय आहे

वायफाय नाकारणं गावात जमत नाही. पाणी मागितलं तर देतात तसंच आता नेटचं झालंय. पण बहुतेक नव्या राऊटरमध्ये गेस्ट नेटवर्कची सोय असते. त्याला वेगळं नाव, वेगळा पासवर्ड देता येतो. पाहुण्यांना फक्त नेट मिळतं, घरातला टीव्ही, कॅमेरा, लॅपटॉप दिसत नाही. काही राऊटरमध्ये गेस्टचा वेगही बांधून ठेवता येतो. लाईन जोडायला आलेल्या माणसाकडूनच हे करून घेतलं तर पाच मिनिटांचं काम आहे. त्याच वेळी राऊटरच्या सेटिंगचा पासवर्ड बदलून घ्यावा, तो कंपनीने दिलेलाच ठेवला तर वायफायला जोडलेला कुणीही आत जाऊन उलथापालथ करू शकतो. गेस्टचाही पत्ता बाहेरून घराचाच दिसतो, हे मात्र विसरू नये. चौकशीपासून गेस्ट नेटवर्क वाचवत नाही. कोण कधी जोडलं होतं याची यादी राऊटरमध्ये थोडा काळ राहते, पण नवे मोबाईल प्रत्येक वायफायला आपली वेगळी ओळख दाखवतात, त्यामुळे त्या यादीवर फार विसंबता येत नाही.

फाईलच्या पोटात काय

हातोहात आलेली फाईल म्हणजे सुरक्षित, हा समज घातक आहे. गेल्या काही वर्षांत लग्नाची पत्रिका, आरटीओचं चलन, पीएम किसानचा हप्ता अशा नावाने एपीके फाईली फिरतात. उघडल्या की त्या ॲप म्हणून बसतात, एसएमएस वाचतात आणि बँकेचे ओटीपी बाहेर पाठवतात. ओळखायची खूण एकच, फाईलच्या नावाचा शेवट. पत्रिका जेपीजी किंवा पीडीएफ असते, व्हिडीओ एमपी-4 असतो. शेवटी एपीके असेल तर ती पत्रिका नव्हे, सख्ख्या भावाने पाठवली असली तरी. त्याचा मोबाईल आधीच हॅक झालेला असू शकतो. टोरंटवर नव्या सिनेमाच्या नावाखाली येणाऱ्या फाईलींतही हाच माल बराच असतो.

क्विक शेअरवर अनोळखी नावाची विनंती आली, विशेषतः स्टेशनवर किंवा जत्रेत, तर ती नाकारावी आणि ‘सगळ्यांना दिसू दे’ बंद आहे ना ते बघावं. सार्वजनिक वायफायवर बँकेचं काम करायचं टाळावं. त्या दोन मिनिटांपुरतं वायफाय बंद करून मोबाईल डेटावर यावं. स्टेशनच्या वायफायसारखंच नाव देऊन कुणीही आपला हॉटस्पॉट उघडू शकतो, आणि नाव बघून खरं-खोटं कळत नाही.

पैसे गेलेच तर 1930 या नंबरवर लगेच फोन करावा. पहिल्या तासा-दोन तासांत केला तर रक्कम पुढच्या खात्यात अडवण्याची शक्यता जास्त असते. सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवरही तक्रार करता येते आणि जवळच्या पोलीस ठाण्यातही. तक्रारीआधी मोबाईल फॉरमॅट करू नये, त्यात पुरावा असतो. फ्लाईट मोड लावून ठेवावा आणि बँकेला दुसऱ्याच्या फोनवरून कळवावं.

गणपती विसर्जनानंतर चाकरमानी परतले की घराच्या वायफायचा पासवर्ड बदलून टाकावा. आणि नवा पासवर्ड पडवीतल्या भिंतीवर लिहून ठेवू नये.